फास्टॅगचं स्टेटमेंट काढलं आणि डोक्यातलं हायब्रिड उतरलं

पुण्यातल्या महागड्या गाड्यांच्या एका शोरूममधे आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पहिला प्रश्न काय विचारला असेल तर "ह्याच्यात मागच्या सीटवर चादर टाकली तर चालती का?" कोट घातलेला तो सेल्सवाला पोरगा आधी हसला, मग मॅडम हे लेदर आहे वगैरे सांगायला लागला, तर ह्या म्हणतात "लेदर हाय म्हणूनच तर विचारते बाळा, मे महिन्यात सोलापुरात येऊन बसून बघ एकदा." पोरगं गप. मी पण गप. पण खरं सांगते, चार महिने जे रिव्ह्यू बघून बघून डोळे फुटायची वेळ आली होती त्यातल्या एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता, आणि पुढे ह्याच चादरीमुळे मला हायब्रिडबद्दल, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीबद्दल, एक भारी गोष्ट कळली, ती सांगतेच.

आधी पार्श्वभूमी. आमचा टेरी टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत, घर जुळे सोलापुरात. सध्याची गाडी इनोव्हा क्रिस्टा डिझेल, २०१६ ची, दोन लाख किलोमीटरच्या वर पळलीय आणि अजून काही तक्रार नाही. मग नवीन कशाला? हौस. बाकी काही कारण नाही, उगाच बिझनेसची गरज वगैरे सांगत नाही. यंदा नवऱ्याची पन्नाशी, वर्ष बरं गेलं, आणि आयुष्यात एकदा तरी तसली गाडी दारात उभी राहावी असं दोघांनाही वाटत होतं. मामा (सासरे) मात्र अजून म्हणतात की एवढ्या पैशात चार लूम आल्या असत्या. ते बरोबरच आहे पण लूममधे बसून पुण्याला जाता येत नाही.

हायब्रिडचं खूळ माझ्या डोक्यात घातलं ते हैदराबादच्या नणंदेने. त्यांनी लेक्ससची एनएक्स ३५०एच घेतलीय. दिवाळीत गेलो तेव्हा बंजारा हिल्सच्या ट्रॅफिकमधे तासभर त्यात बसले आणि मला गाडी चालू आहे का बंद हेच कळत नव्हतं. सिग्नलला इंजिन बंद, सरकताना पण बंद, नुसती गप्प सरकते, मधेच कधीतरी इंजिन जागं होतं आणि परत झोपतं. नणंद म्हणाली शहरात सोळा-सतराचं ॲव्हरेज पडतंय, पेट्रोलवर, एवढ्या मोठ्या गाडीला. मी तिथंच ठरवून टाकलं होतं. नवरा म्हणाला सत्तर लाखाची गाडी घ्यायची आणि ॲव्हरेज विचारायचं, तू अस्सल सोलापूरची. आहेच मी.

मग शोधायला बसले तर पहिला घोळ इथंच, की आजकाल जी ती गाडी स्वतःला हायब्रिड म्हणवते. मर्सिडीजची जीएलसी हायब्रिड, बीएमडब्ल्यूची नवी एक्स ३ हायब्रिड, व्होल्वोची एक्ससी ६० हायब्रिड. मला वाटलं वा, मग लेक्ससच कशाला. पण ते सगळं माइल्ड हायब्रिड. ४८ व्होल्टची छोटी बॅटरी आणि स्टार्टरच्या जागी एक जरा मोठी मोटर, ती इंजिनला हात देते, इंजिन चालू-बंद झालेलं कळत नाही इतकं गुळगुळीत करते, पण नुसत्या विजेवर गाडी ओढायचा तिचा जीव नाही. मार्केट यार्डात चढावर हातगाडीला मागून हात लावणारं पोरगं असतं ना, तसं. मदत होते, पण हातगाडी त्याची नाही. लेक्ससचं म्हणजे टोयोटाच्याच घरातलं स्ट्राँग हायब्रिड, १९९७ ला प्रियस आली तेव्हापासून ते लोक ह्यातच मुरलेत. त्यात अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन आणि वेगळ्या दमदार मोटरी, कुणी कधी ओढायचं ते गाडीच ठरवते. प्लग लावायचा नाही, ब्रेक मारला की बॅटरी भरते, नाहीतर इंजिन भरतं. प्लग लावायची हायब्रिड आपल्याकडे ह्या बजेटात मला तरी दिसली नाही, सोडून दिलं.

तर सेल्सवाला "मॅडम ही पण हायब्रिडच" म्हणाला तर एकच विचारायचं, इंजिन बंद ठेवून सात रस्त्यापासून रंगभवनपर्यंत जाईल का? लगेच कळतं.

आता चादर. नणंदेच्या गाडीत आत्याबाई मागे बसल्या आणि सवयीप्रमाणे सोबत नेलेली चादर सीटवर पसरली, तिची किनार खाली पायापर्यंत लोंबत होती. तर नणंदेचा नवरा पळत आला, अहो आत्या ती वर घ्या, खाली जाळी आहे. हायब्रिडची मोठी बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि तिला गार ठेवायला केबिनमधलीच हवा त्या जाळीतून ओढली जाते, ती झाकली किंवा धुळीने, दोऱ्याने भरली की बॅटरी तापते आणि गाडी कुरकुर करायला लागते. जाळी अधूनमधून साफ करावी लागते. मी टॉवेलच्या धंद्यातली बाई, माझ्या अंगावर, पर्समधे, गाडीत सगळीकडे सुताची रुवी असते. आमच्या क्रिस्टाचा एसी फिल्टर काढला की त्यात एक हातरुमाल विणता येईल एवढं सूत निघतं. तिथं पहिल्यांदा मी जरा विचारात पडले. म्हणजे हे काही न घेण्याचं कारण नव्हे, साफ करत राहिलं की झालं, पण आपल्याकडे ४३-४४ डिग्री असते आणि गाडी कारखान्याच्या पत्र्याजवळ उभी असते, तेव्हा बॅटरीचं गार-गरम हे कागदावरचं उरत नाही.

दुसरा झटका टॅक्सचा. आधी मोठ्या एसयूव्हीला २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के सेस मिळून ५० लागायचे आणि मोठ्या हायब्रिडला ४३, म्हणजे हायब्रिडला थोडी सवलत होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोघांनाही ४० सरसकट. गाड्या स्वस्त झाल्या हे चांगलंच, पण हायब्रिडवाल्याला जो सात टक्क्यांचा फायदा होता तो गेला. आणि त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स. २० लाखाच्या वरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के, डिझेलला १५, आणि गाडी आयात केलेली असेल किंवा कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. समजा शोरूमची किंमत ७० लाख, तर पेट्रोलला ९ लाख १० हजार, डिझेलला साडेदहा लाख आणि आयात गाडीला १४ लाख. एनएक्स आख्खीच्या आख्खी जपानहून येते. जीएलसी चाकणला जोडतात, एक्स ३ चेन्नईला, ऑडी क्यू ५ आपल्या संभाजीनगरला, एक्ससी ६० बंगळूरजवळ. सीए म्हणाले होते कंपनीच्या नावावर घ्या, घसारा मिळतो, मी म्हटलं आधी तो २० टक्क्यांचा आकडा घसाऱ्यासमोर मांडून दाखवा, तर अजून मांडतायत.

तरी मी हटले नव्हते. लेक्सस म्हणजे लेक्सस. त्या गाडीत एसीचं तापमान कमी-जास्त करायला अजून खरी गोल फिरवायची बटणं आहेत, स्क्रीनमधे बोट घालून तीन पानं उलटावी लागत नाहीत, एवढ्यावर मी दोन लाख जास्त द्यायला तयार होते.

मग एका रविवारी बसून फास्टॅगचं वर्षाचं स्टेटमेंट काढलं. दुसऱ्याच कामासाठी, जीएसटीच्या फायलीला लागत होतं. तर सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस, परत पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर, पानंच्या पानं तेच. महिन्यातून दोनदा पुणे, कधी तीनदा. मला आपलं वाटायचं की माझं जास्त ड्रायव्हिंग गावातच आहे, कारण वैताग गावातलाच लक्षात राहतो, अशोक चौकातला, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसातला. पण हिशोब केला तर घर ते कारखाना जाऊन-येऊन २४ किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस धरले तरी ७,२०० होतात. पुण्याच्या फेऱ्या एकट्या १२,०००. हैदराबाद, तुळजापूर, पंढरपूर, लग्नं-कार्यं धरून अजून ३,०००. म्हणजे तीनातले दोन किलोमीटर हायवेचे. आणि तो हायवे कसला, तर सोलापूर-पुणे, सपाट, एक घाट नाही. स्ट्राँग हायब्रिडची सगळी मजा ब्रेकात असते, थांबा-निघा, थांबा-निघा, उतारावर भरून घ्या. मोहोळ सोडलं की यवतपर्यंत ब्रेकवर पाय कितीदा जातो? टोलला. १०० च्या स्पीडला तिचं इंजिन बहुतेक वेळ चालूच असतं, मग ती एक चांगली पेट्रोल गाडी उरते. ओव्हरटेकला पाय दाबला की इंजिनचा आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो, हे नणंदेच्या गाडीत मला हैदराबादहून परत येताना झहीराबादच्या पुढे जाणवलं होतं पण तेव्हा प्रेमात होते.

वहीत लिहिलं ते असं. पेट्रोल १०५, डिझेल ९१ धरलं. २२,२०० किलोमीटरला हायब्रिड माझ्या मिक्स वापरात १६ देईल असं धरलं तर वर्षाला साधारण १ लाख ४६ हजाराचं पेट्रोल. डिझेल गाडी १५ देईल तर १ लाख ३५ हजार. आणि माइल्ड हायब्रिड पेट्रोल, जी ह्या वजनाला नि पॉवरला दहाच्या आसपास देते असं वापरणारे सांगतात, ती २ लाख ३३ हजार. म्हणजे साध्या पेट्रोलपेक्षा हायब्रिड जवळजवळ नव्वद हजार वाचवते हे खरंय, पण माझ्यासारखीला डिझेलपुढे काहीच वाचवत नाही, उलट दहा-अकरा हजार जास्त खाते, आणि दारात यायच्या आधी टॅक्समधे साडेतीन लाख जास्त खाऊन बसलेली असते. वही मिटली आणि चहा केला.

पण हाच हिशोब माझ्या डॉक्टर मैत्रिणीचा केला तर बरोब्बर उलटा निघतो. तिचं घर ते हॉस्पिटल तीन किलोमीटर, दिवसातून चार-पाच फेऱ्या, रात्री इमर्जन्सी, पुण्याला वर्षातून दोनदा, ते पण वंदे भारतने. तिला एक सेल्सवाला डिझेल गळ्यात मारत होता. मी म्हटलं बाई अजिबात नको. हल्लीच्या डिझेलच्या सायलेन्सरमधे काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो स्वतःला जाळून साफ करतो पण त्याला हायवेवर सलग पळायला पाहिजे, तीन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यात तो भरतच जातो, दिवा लागतो, आणि मग गाडी घेऊन विनाकारण मोहोळपर्यंत पळवून आणायची पाळी येते. शिवाय ॲडब्लू, म्हणजे धूर साफ करायचं पाणी, ते भरत राहायचं. तिला हायब्रिडच पाहिजे. एवढे पैसे घालायचे नसतील तर इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रिडमधे तीच टोयोटाची विद्या आहे निम्म्याहून कमी पैशात, असंही मी सुचवलं, तर ती म्हणाली हॉस्पिटलसमोर इनोव्हा लावली तर पेशंट भाडं विचारतात. असो.

इलेक्ट्रिकचं पण बघितलं नाही असं नाही. बीएमडब्ल्यूची लांब आयएक्स १ जानेवारी २०२५ ला ४९ लाखाला आली, जीएसटी ५ टक्केच, महाराष्ट्रात रोड टॅक्स माफ, हिशोब बघून नवरा हलला होता. पण आत्याबाई-मामांना घेऊन भिगवणला चार्जिंगच्या रांगेत थांबायची माझी तयारी नाही आणि धारवाड-गुलबर्ग्याकडच्या पार्ट्यांकडे जायचं असलं की अजूनच. इलेक्ट्रिकला टोलमाफी पण आहे म्हणे, मी खूश झाले, तर ती मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूला. आपला नंबर नेहमीप्रमाणे नाही.

मग डिझेल म्हटलं की यादीतली नावं आपोआप गळतात. ऑडीने बीएस ६, म्हणजे धुराचे कडक नियम, आले तेव्हाच भारतात डिझेल बंद केलं, व्होल्वोचं पण पेट्रोलच. क्यू ५ ची मागची सीट मला आवडली होती, आणि व्होल्वोबद्दल मामांना उगाच आदर आहे, कारण तीन ठिकाणी बांधला जाणारा सीटबेल्ट १९५९ ला त्यांनीच काढला हे मी त्यांना सांगितलं, तेव्हापासून ते मागे बसून पण बेल्ट लावतात, आधी कधी लावत नव्हते. गाडी घेतली नाही तरी व्होल्वोचा तेवढा उपकार आमच्यावर झाला. उरल्या दोन, जीएलसी २२०डी आणि एक्स ३ २०डी. दोन्ही दोन लिटर डिझेल, दोन्ही १९७ हॉर्सपॉवरच्या, दोन्हीला ते ४८ व्होल्टचं हात लावणारं पोरगं आहेच. एक्स १ पण डिझेलमधे मिळते, स्वस्त पण आहे, पण मागे तिघं बसून पुणं म्हणजे नको वाटलं.

इथून पुढे ब्रोशर बाजूला ठेवलं आणि सोलापूरची परीक्षा घेतली. पहिली परीक्षा टायर. एका ओळखीच्यांची महागडी गाडी, कंपनी सांगत नाही, टेंभुर्णीजवळ रात्री खड्ड्यात गेली आणि टायरची कड फाटली. कड फाटली की पंक्चर काढता येत नाही, त्या मापाचा टायर सोलापुरात नव्हता, आख्खी रात्र ढाब्यावर काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याहून टायर आला. त्यामुळे प्रत्येक शोरूममधे मी डिकीचा तळ उघडायला लावला, स्टेपनी आहे का, का नुसता पंप आणि गोंदाची बाटली, स्टेपनी बारीकवाली असेल तर ८० च्या वर पळवायची नसते हे माहीत आहे का. आणि सगळ्यात मोठी रिम नको, टायरला जरा जाडी पाहिजे. एका ठिकाणचा मॅनेजर म्हणाला मॅडम मोठ्या रिमवर गाडी छान दिसते. मी म्हटलं टेंभुर्णीत अंधारात कुणाला दिसणार.

दुसरी परीक्षा ऊस. आता सीझन चालू आहे, इंदापूर-टेंभुर्णी पट्ट्यात रात्री दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, वर मोठ्याने गाणी, आणि ट्रॉलीच्या बाहेर हातभर लोंबणारा ऊस. शोरूममधे चौसष्ट रंगाचे आतले लाइट दाखवतात, मी म्हटलं बाहेरचे दाखवा. हट्टाने संध्याकाळी सातनंतर टेस्ट ड्राइव्ह घेतली, अंधाऱ्या रस्त्यावर. आणि ते पुढच्या गाडीमागे आपोआप अंतर ठेवणारं क्रूझ कंट्रोल आहे ना, ते मोठ्या ट्रकमागे झकास चालतं पण मी तरी ऊसाच्या सीझनमधे त्यावर विसंबणार नाही.

तिसरी, ऊन. काचेचं आख्खं छत पुण्यात छान वाटतं, इथे एप्रिलमधे डोक्यावर तवा. पडदा जाड आहे का पातळ ते हात लावून बघितलं. आणि गुडघे. आत्याबाईंना प्रत्येक गाडीत पाच वेळा चढ-उतर करायला लावलं, नऊवारीत, बिचाऱ्यांनी तक्रार केली नाही. सेडानमधे खाली बुडून बसावं लागतं आणि मोठ्या एसयूव्हीत पायरीवर चढावं लागतं, ह्या मधल्या उंचीच्या गाड्यांत मात्र नुसतं टेकलं की बसलं. क्रॉसओव्हर का घ्यायची ह्याचं माझ्यापुरतं उत्तर तेवढंच.

एक्स ३ नवऱ्याची आवड, चालवायला ती खरंच घट्ट आहे, स्टिअरिंग हातात बोलतं. पण तो चालवतो महिन्यातून एकदा. बाकी ड्रायव्हर काका आणि मी. मागे बसून बघितलं तर आत्याबाईंनी जीएलसीला मत दिलं, मामांनी चाकणला बनती म्हणून जीएलसीला, मी दोन्ही चालवून मऊ वाटली म्हणून जीएलसीला. नवरा म्हणाला पन्नाशी माझी आहे ना? आहे की, केक पण तूच काप. सर्व्हिस दोघांचीही पुण्यातच, अडीचशे किलोमीटर, ते वर्षातून एकदा पुण्याच्या फेरीत जमवायचं, त्यात डावं-उजवं करण्यासारखं काही नव्हतं.

तर बुकिंग केलंय, पाडव्याच्या आधी मिळेल म्हणतायत. रंगावरून भांडण चालू आहे, मला काळी नको, इथली धूळ बघता पांढरीच बरी.

सध्या खरी काळजी वेगळीच आहे. ह्या गाडीत गिअरची दांडी स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला असते, जिथं इनोव्हात इंडिकेटर असतो तिथं, आणि इंडिकेटर डावीकडे. ड्रायव्हर काकांचा वीस वर्षाचा हात आहे. टेस्ट ड्राइव्हला पहिल्याच वळणावर त्यांनी उजवा इंडिकेटर द्यायला दांडी खाली ओढायला हात नेला, तर शेजारचा सेल्सवाला पोरगा "काका, काका, तो गिअर!" म्हणून ओरडला आणि मागे आत्याबाईंनी सिद्धरामेश्वराचं नाव घेतलं. काका तेव्हापासून इनोव्हा चालवताना पण उजवा हात मांडीवर ठेवतात आणि डाव्या हाताने इंडिकेटर देण्याची प्रॅक्टिस करतात, म्हणजे रोज अशोक चौकात वळायच्या आधी आमचे वायपर चालू होतात.